लाल टिक आणि ॲडमिनची अटक

निवडणूक आली, कुठे दंगल झाली, की व्हॉट्सॲपवर तो जुनाच मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘उद्यापासून नवे नियम. सगळे कॉल रेकॉर्ड होणार. दोन निळ्या, एक लाल टिक म्हणजे सरकारची कारवाई सुरू. ॲडमिन, सावधान!’

लाल टिक व्हॉट्सॲपवर नाहीच. एक टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या म्हणजे वाचला. बस्स.

ॲडमिनचं म्हणाल, तर गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण बघा. ग्रुपमधल्या एकाने महिला सदस्याबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तो रद्द केला. दोघांचा समान हेतू दिसत नसेल, तर सदस्याच्या पोस्टचं खापर ॲडमिनवर फोडता येत नाही.

म्हणून रान मोकळं झालं असं नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने तर नुसतं लाइक केलं होतं! त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दबातल ठरवलं, पण लिहिणाऱ्यावर आणि फॉरवर्ड करणाऱ्यावर लावायला इतर कलमं आहेतच. आणि त्यासाठी पोलिसांना टिक लागत नाही, ग्रुपमधल्याच कुणी दिलेला स्क्रीनशॉट पुरतो.