फाशीचा काटा 500 ग्रॅमवर

2002 मध्ये सिंगापूरमध्ये एका जर्मन तरुणीच्या घरात 687 ग्रॅम गांजा सापडला. तिथे 500 ग्रॅमच्या वर गांजाची तस्करी म्हणजे फाशी. प्रयोगशाळेत माल तपासला, तेव्हा त्यात प्रत्यक्ष गांजा 281 ग्रॅमच भरला. पाच वर्षांच्या कैदेवर प्रकरण मिटलं. जीव वाचला तो वजनकाट्यामुळे.

500 चा हा आकडा मुळात नव्हताच. सिंगापूरचा अमली पदार्थांचा कायदा 1973 चा. त्यात 1975 मध्ये फाशी आली ती हेरॉइन आणि मॉर्फिनसाठी. गांजाला 1989 च्या दुरुस्तीने कोकेन आणि अफूसोबत त्या रांगेत बसवलं. न्यायाधीशाला दुसरी शिक्षा देण्याची मुभा नव्हती. 2012 मध्ये थोडी फट पडली, तीही मुख्यतः केवळ माल पोचवणाऱ्यांसाठी, आणि तपासाला मदत केल्याचा दाखला सरकारी वकिलांनी दिला तरच. शेजारच्या मलेशियात फाशीची सक्ती 1983 मध्ये आली आणि 2023 मध्ये उठली.

अमेरिकेची गोष्ट जास्त चमत्कारिक. 1994 च्या केंद्रीय कायद्यानुसार मोठी टोळी चालवणाऱ्याला कुणाचा खून न करताही मृत्युदंड होऊ शकतो. गांजासाठी मर्यादा 60,000 किलो किंवा 60,000 रोपं. पुढे 2012 मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनच्या मतदारांनी गांजा खुला केला, दोन वर्षांत परवान्याची दुकानं उघडली. केंद्राचं कलम मात्र जागच्या जागी. मार्च 2018 मध्ये अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी प्रचंड साठ्याच्या खटल्यांत मृत्युदंड मागण्याची आठवण सरकारी वकिलांना करून दिली, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की राज्याचा परवाना असलेला, कर भरणारा बडा उत्पादकही कागदोपत्री या कलमात अडकू शकतो. अमेरिकेत निव्वळ साठ्यावरून मृत्युदंड मात्र कुणालाच झालेला नाही.

डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने 27 विरुद्ध 25 मतांनी गांजाला 1961 च्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून वगळलं. त्या यादीत तो हेरॉइनच्या पंगतीला होता.

9 जून 2022 ला थायलंडने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, 26 एप्रिल 2023 ला सिंगापूरने 46 वर्षांच्या एका माणसाला 1,017.9 ग्रॅम गांजाच्या तस्करीला साथ दिल्याबद्दल फासावर चढवलं. तो माल त्याच्या हातात कधी सापडलाच नव्हता. खटल्यात कळीचे ठरले दोन फोन नंबर.

थायलंडने जून 2025 मध्ये गांजा पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता आणला. सिंगापूरचा काटा अजून 500 वरच आहे.