भातुकली आणि किचन सेट: रिकामी कढई, भरलेली कढई

तुळशीबागेत राममंदिराच्या आवारात पितळी भांड्यांच्या दुकानासमोर उभं राहून 'भातुकली दाखवा' म्हटलं, की समोर बोटभर उंचीची कळशी येते. मग तिच्यामागोमाग तवा, पोळपाट-लाटणं, खलबत्ता, झाऱ्या, चिमुकलं घंगाळ. तिथून बाहेर गल्लीत आलं, की तोच शब्द ऐकून दुसरा दुकानदार एक मोठा गुलाबी खोका पुढे करतो. त्यात दोन बर्नरची प्लास्टिकची शेगडी असते. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि काहीतरी तळल्याचा आवाज येतो. सोबत पिझ्झ्याचे त्रिकोण, बर्गर, तव्याच्या आकाराचं प्लास्टिकचं ऑम्लेट आणि मधोमध कापून पुन्हा चिकटवता येणारी गाजरं-टोमॅटो. आजी सांगते, "नातीला भातुकली घेऊन ये." मामा किचन सेट आणतो, आणि दुसरंच काही आणलंय असं कुणाच्या मनातही येत नाही.

मला हा फरक दुकानात कधी कळला नव्हता. कोथरूडमधल्या एका बालवाडीत मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर असते. आमच्या खोलीत एका कोपऱ्यात दोन्ही आहेत: पालकांनी भेट दिलेला किचन सेट आणि जमवत आणलेली भातुकली. मुलं नवीन असली की आधी किचन सेटकडेच धावतात. धावणारच, तो रंगीत आहे आणि त्याला आवाज आहे. पण पुढे काय होतं ते पाहण्यासारखं असतं. बटण दाबलं जातं, पिझ्झा ताटलीत ठेवला जातो, "घे" म्हणून कुणाला तरी दिला जातो, तो खाल्ल्याचं नाटक होतं. परत बटण. परत पिझ्झा. तिसऱ्या फेरीनंतर भांडण सुरू होतं, आणि ते जवळजवळ नेहमी बटण कोण दाबणार यावरून असतं.

भातुकलीकडे मूल येतं तेव्हा त्याला पहिली अडचण ही येते की कढईत काही नाही. मग ते उठतं आणि शोधायला लागतं. चिंचोके आणतं, अंगणातली बुचाची फुलं आणतं, पेन्सिलीला टोक केल्यावर पडलेली सालं आणतं. सालांचा कांदा होतो, फुलांचा भात. एकदा एक चार वर्षांची मुलगी कळशी घेऊन भिंतीशी थांबून राहिली होती. मी विचारलं तर म्हणाली, "आज गुरुवार आहे, पाणी जाणार आहे. भरून ठेवायला पाहिजे." लगेच बाकीच्या मुलांनी मिळतील ती सगळी भांडी त्या भिंतीपुढे रांगेत लावली. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की घरात सकाळी जी धांदल उडते, ती जशीच्या तशी तिथे उभी राहिली. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या खोक्यावर छापलेलं नव्हतं. रिकामी कळशी हातात होती, म्हणून त्यांना ती कशाने भरायची ते स्वतः ठरवावं लागलं.

माझ्या मते या दोन खेळण्यांतला खरा फरक एवढाच आहे. किचन सेटमध्ये स्वयंपाक आधीच झालेला असतो, मुलाला फक्त वाढायचं उरतं. भातुकलीत स्वयंपाक व्हायचा असतो. आपण मात्र फरक जुनं-नवं, पितळ-प्लास्टिक, देशी-परदेशी असा लावतो आणि तिथेच फसतो. प्लास्टिकची साधी रिकामी वाटी ही भातुकलीच आहे. उलट पितळेचं ताट ज्यात पुरणपोळी आणि वरण-भात ओतीव करून पक्के बसवलेले आहेत, ते कितीही सुंदर असलं तरी माझ्या हिशेबी किचन सेटच.

शब्दातही ही खूण आहे. जुन्या मराठीत 'भातुकें' म्हणजे खाऊ, लहान मुलाच्या हातावर ठेवायचा. भातुकली खेळताना आजी किंवा आई मूठभर चुरमुरे, थोडं डाळं, गुळाचा खडा द्यायची आणि तेवढ्यात पंगत व्हायची. एक चुरमुरा म्हणजे एक पोळी, गुळाचा कण म्हणजे श्रीखंड. पाहुण्यांना पुरेल असं वाढायचं तर मोजावं लागायचं, कमी पडलं तर यजमानीण उपाशी राहायची. या एका पंगतीत गणित होतं, वाटून घेणं होतं आणि पाहुण्याचा मान होता.

इथे वयाची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण किचन सेट सरसकट वाईट असं म्हणणं चूक आहे. दीड-दोन वर्षांचं मूल खोटं खोटं खेळायला नुकतंच लागलेलं असतं. त्याला कप कपासारखा दिसावा लागतो, फोन फोनसारखा. त्या वयात ठोकळ्याला 'हा केक' म्हटलं तर ते गोंधळतं. खऱ्यासारखी दिसणारी गाजरं, ती मधोमध कापताना होणारा 'चर्र' आवाज, दोन्ही हात दोन वेगळी कामं करतात ते, हे सगळं त्या वयाला उपयोगाचं आहे. तीन-साडेतीनच्या पुढे मात्र मुलाला वस्तूचं दिसणं आणि वस्तूचा अर्थ वेगळे करता येऊ लागतात. तिथून खऱ्यासारखं खेळणं मदत करण्याऐवजी अडवायला लागतं. जे पिझ्झ्यासारखं दिसतं ते थालीपीठ व्हायला तयार नसतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ साली खेळावर दिलेल्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. मूल काठीवर बसून 'घोडा' म्हणतं तेव्हा घोडा हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सुटून काठीवर येतो, आणि विचार वस्तूपासून मोकळा होण्याची ही पहिली पायरी असते. याच विवेचनात त्यांनी एक बारकावा सांगितला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाटेल ती वस्तू घोडा होऊ शकत नाही. पोस्टकार्ड होत नाही, कारण त्यावर टांग टाकून बसता येत नाही. म्हणजे वस्तू साधी तर हवी, पण तिने हाताला, अंगाला काहीतरी करू द्यायला हवं. दोन कान असलेली कढई धरता येते, हलवता येते, पालथी घालून बडवता येते, डोक्यावर घालता येते. म्हणून ती दुपारभरात आमटी होते, ताशा होते, मावळ्याचं शिरस्त्राण होते आणि रिक्षाचं हँडलही. प्लास्टिकच्या ऑम्लेटचं फार काही करता येत नाही. ते फेकता येतं, आणि मुलं फेकतातच.

आवाज करणाऱ्या सेटबद्दल आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठात अॅना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. खेळणं बॅटरीवरचं, बोलणारं-गाणारं असलं की आईबाबा कमी बोलले. ठोकळे किंवा लाकडी जोडकोडी असली की जास्त, आणि पुस्तक असलं की त्याहून जास्त. बाळंही कमी आवाज काढत होती. अभ्यास छोटा आहे आणि बाळं भातुकलीच्या वयाची नाहीत, पण आमच्या कोपऱ्यात मला तेच दिसतं. शेगडी स्वतः 'चर्रर्र' करते तेव्हा मुलं गप्प असतात. शेगडी मुकी असली की तोंडाने फोडणी देतात, कुकरच्या शिट्ट्या मोजतात आणि "तीन झाल्या, बंद कर" असं एकमेकांना ओरडून सांगतात.

तुकडे किती, हाही प्रश्न असतो. खोक्यावर तुकड्यांचा मोठा आकडा छापला की स्वस्तात पुष्कळ मिळाल्यासारखं वाटतं. २०१८ साली टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. भातुकलीलाही हे लागू आहे. संपूर्ण पितळी संच हौसेने घेऊन एका दिवशी पुढे ओतला तर मुलं भांडी नुसती मांडतात आणि उठतात. कळशी, कढई, पातेलं, पळी, दोन ताटल्या, चार वाट्या एवढ्यावर सुरुवात करावी. खलबत्ता महिन्याभराने बाहेर काढावा. तो आला की आठवडाभर घरात कुटण्याशिवाय दुसरं काही चालत नाही.

आता भातुकलीच्या अडचणी, कारण त्याही आहेत. पहिली म्हणजे कपाटातली भातुकली. दिवाळीला चिंच लावून घासायची, काचेमागे मांडायची आणि मुलांनी हात लावला की "डाग पडतील" म्हणायचं. त्या भातुकलीपेक्षा किचन सेट शंभर पटीने बरा, निदान तो जमिनीवर असतो.

दुसरी म्हणजे पितळ. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक, लिंबू, चिंच असं आंबट ठेवून मुलांना खायला देऊ नये. आपल्या आज्या मोठ्या भांड्यांच्या बाबतीत हे पाळायच्या, खेळण्यातल्या भांड्यांनाही तोच नियम. पितळ कापायला-तासायला सोपं जावं म्हणून काही वेळा त्यात शिसं मिसळलेलं असतं, त्यामुळे जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याच्या हाती पितळ नको. त्याला स्टील द्यावं. त्यासाठी खेळण्यांच्या दुकानात जायचीही गरज नाही. रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत लोणच्याच्या वाट्या, मसाल्याच्या डब्यातल्या सुट्या वाट्या, छोटी पळी अशा वस्तू मिळतात. खरी भांडी, फक्त लहान. मुलांना ही फार आवडतात, कारण ती खोटी नाहीत हे त्यांना कळतं.

तिसरी अडचण गिळण्याची. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो त्या वयाला धोक्याचा. भातुकलीतल्या निम्म्या वाट्या आणि झाकणं त्यात मावतील. आणि भातुकलीतला खाऊ: शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे देऊच नका, ते श्वासनलिकेत अडकतात. चुरमुरे किंवा कुस्करलेली पोळी चालते, तीही मुलं बसून, आपल्या नजरेसमोर खात असतील तरच. किचन सेटचा धोका वेगळा आहे. आवाज-दिवे असलेल्या काही खेळण्यांत गोल बटण-सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घरात आणू नका, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठा.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. प्लास्टिकचा सेट घेताना ती बघाच. नोंदणीकृत हस्तकारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना या नियमातून सूट आहे, त्यामुळे हाताने घडवलेल्या भातुकलीवर खूण नसणं म्हणजे फसवणूक असं नाही. तिथे आपला अंगठाच कडेवरून फिरवायचा. कड बोचते का, कळशीचा जोड निखळतोय का, कढईचा कान हलतोय का ते पाहायचं.

मुलग्यांसाठी काय घ्यावं, असं विचारणारे पालक अजून भेटतात आणि मला दरवेळी वाईट वाटतं. माझ्या वर्गात सगळ्यात मन लावून पोळ्या लाटणारा एक मुलगाच होता. त्याचे बाबा डबा करतात, त्याला ते रोज दिसतं. जे दिसतं ते मूल खेळणार. खोका गुलाबी असल्यामुळे त्याच्या हातून लाटणं काढून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हाच फरक दिवाळीतल्या किल्ल्यातही दिसतो. आता तयार किल्ला विकत मिळतो, बुरुजांसकट रंगवलेला. घरी आणून त्यावर मावळे मांडले की काम संपलं. माती भिजवून केलेल्या किल्ल्यात बुरूज ढासळतो, अळीव उगवून येईल का याची काळजी लागते, पायऱ्या कुठून न्यायच्या यावरून वाद होतात. दगड-माती ही रिकामी कढईच आहे.

घरात किचन सेट आधीच आलेला असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही, आम्हीही दिला नाही. सेल काढून ठेवले. पिझ्झा, बर्गर, ऑम्लेट एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवले. शेगडी, पातेली, ताटल्या तशाच राहू दिल्या आणि शेजारी एका टोपलीत चिंचोके, कापडाचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, सुतळी ठेवली. ही टोपली अर्थात मोठ्या गटासाठी. पहिले दोन दिवस मुलं पिझ्झा शोधत होती. एकाने तर माझ्याकडे तक्रार केली की चोरी झाली आहे. तिसऱ्या दिवशी शेगडीवरच्या तव्यात बाटल्यांची सात झाकणं गोल मांडलेली दिसली. एक मुलगा ती आइस्क्रीमच्या काडीने एकेक करून उलटत होता. मी जवळ गेले तर त्याने हात आडवा केला. "हात नको लावू ताई, आप्पे आहेत. खालून अजून लाल नाही झाले."