हद्द ठरवतो तो वाळूच्या कणाएवढा दात

त्र्यंबक रस्त्याला किंवा इगतपुरीकडे डोंगर फोडला की गोल गोटे निघतात आणि लगेच ‘डायनासोरची अंडी सापडली’ असे फॉरवर्ड फिरायला लागतात. गोटे असतात बेसाल्टचे. भेगांतून पाणी मुरते, कोपरे आधी कुजतात, खडकाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मध्ये गोल गाभा उरतो. पण समजा, एखादे अंडे खरे निघाले, तरी दोन भूशास्त्रीय कालखंडांची सीमा ठरवायला ते फारसे उपयोगाचे नाही. जमिनीवरचा, तुरळक सापडणारा पुरावा चीन आणि युरोपातल्या थरांशी जुळवणार कसा? त्यासाठी समुद्रभर पसरलेला, संख्येने अमाप आणि झपाट्याने बदलत गेलेला जीव लागतो.

कोनोडॉन्ट अगदी तसा. ईलसारखा मऊ अंगाचा हा सागरी प्राणी स्वतः जवळपास कुठेच टिकला नाही. टिकले ते त्याच्या तोंडातले फॉस्फेटचे दातेरी भाग, बहुतेक मिलिमीटरहूनही लहान. पर्मियन संपून ट्रायासिक सुरू होतो ती जागतिक हद्द 2001 मध्ये अशाच दातांवरून ठरली. जागा चीनमधली मेइशानची खाण, थर क्रमांक 27. जाडी जेमतेम 16 सेंटिमीटर, त्याचेही चार भाग पाडलेले. ‘हिंडिओडस पार्व्हस’ ही कोनोडॉन्टची जात जिथे पहिल्यांदा दिसते त्या तिसऱ्या भागाचा तळ म्हणजे सीमा.

हे दात हातोडीने मिळत नाहीत. प्रत्येक थराचा काही किलो चुनखडक वेगळा घ्यायचा, घासून धुवायचा, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून सुमारे 10 टक्के अॅसेटिक आम्लात ठेवायचा. चुना विरघळतो, फॉस्फेट उरते. घाई म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर चुन्याबरोबर दातही गेले! उरलेला गाळ बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा आणि सोडियम पॉलीटंगस्टेटच्या जड द्रावणात सोडायचा. घनता साधारण 2.8 ठेवली की क्वार्ट्‌झ तरंगते, दात तळाशी बसतात. डोलोमाइटही बुडते, म्हणून तसा खडक असला की काम वाढते. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक दात उचलायचा. चाळणी नीट धुतली नाही आणि वरच्या थराचा एक दात खालच्या नमुन्यात शिरला, तर ‘पहिले दर्शन’ फुकट खाली सरकते.

सीमेला शेवटचे दर्शन का धरत नाहीत? जात दुर्मीळ असेल तर तिचा शेवटचा जीव हाती लागण्याची शक्यता नगण्य. त्यामुळे एकाच दणक्यात मेलेल्या जातीही खडकात वेगवेगळ्या पातळीवर हळूहळू संपल्यासारख्या दिसतात. 1982 मध्ये फिलिप सिग्नर आणि जेरे लिप्स यांनी हे दाखवले. मेइशानमध्येच बघा: पर्मियनच्या अखेरीस बहुतेक सागरी जाती नष्ट झाल्या, त्या महाविनाशाची पातळी सीमेच्या वीतभर खाली, थर 25 च्या आसपास आहे. ‘महाविनाश झाला म्हणून तिथे काळ बदलला’ हे वाक्य वाचायला झकास, पण चूक.

पहिले दर्शनही दगा देते. कॅम्ब्रियन कालखंडाचा पाया 1992 मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्युन हेडला ‘ट्रेप्टिक्नस पेडम’ नावाच्या बिळाच्या खुणेवर ठरला. पुढे तीच खूण काही मीटर खालीही मिळाली. सीमा मात्र हलली नाही. व्याख्या खडकातल्या त्या बिंदूची असते. जीवाश्म ती हद्द दुसऱ्या देशात ओळखण्यापुरता.

नाशिकचे डोंगर लाव्हाचे, इथे समुद्री थरच नाहीत. म्हणून सह्याद्रीत वय काढतात ते खडकात साठत गेलेल्या आर्गॉन वायूवरून, दोन प्रवाहांमधल्या लाल थरांतल्या झिरकॉन या खनिजावरून आणि खडकात कोरल्या गेलेल्या चुंबकीय दिशेवरून. ब्रह्मगिरीला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राजवळ पोहोचते, त्या राजमहेंद्रीला मात्र गंमत आहे. दख्खनचा लाव्हा हजारेक किलोमीटर वाहत तिथवर गेला आणि दोन प्रवाहांच्या मध्ये समुद्राचा गाळ साचला. त्यात डेनियनच्या, म्हणजे डायनासोर संपल्यानंतर लगेच आलेल्या काळाच्या, अगदी सुरुवातीचे, पाण्यात तरंगणारे फोरामिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय जीव) सापडतात, म्हणजे खालचा लाव्हा त्याआधीचा आणि वरचा त्यानंतरचा. क्रिटेशियस संपून डेनियन सुरू होतो, त्या सीमेचा जागतिक बिंदू ट्युनिशियातल्या एल केफला आहे. तो जीवाश्मावर नाही, इरिडियम या दुर्मीळ धातूने समृद्ध मातीच्या थराच्या तळाशी धरलेला आहे. राजमहेंद्रीला मात्र भिस्त फोरामिनिफेरावरच.