थॉमस किलस्ट्रॉम : जोडीदार बदलले, जिंकणं नाही

बॅडमिंटनचा इतिहास आपण सिंगल्सच्या विजेत्यांवरून सांगतो, म्हणून स्वीडनच्या थॉमस किलस्ट्रॉमचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. सात्विक आणि आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीनं डबल्स बघायची गोडी लावली, तेव्हा कुठे ही वेगळीच विद्या असल्याचं आपल्याला पटलं. किलस्ट्रॉम त्या विद्येतला मोठा माणूस.

जन्म १९४८ चा, पश्चिम स्वीडनमधल्या सेफले गावचा. स्वीडनमध्ये हा खेळ तेव्हा नवखा नव्हता. स्वीडनच्याच कॉनी येप्सननं १९४७ मध्येच ऑल इंग्लंड या बॅडमिंटनमधल्या मानाच्या स्पर्धेची सिंगल्स जिंकली होती, आणि १९६८ ला पहिली युरोपियन स्पर्धा झाली तेव्हा सिंगल्सचं विजेतेपद स्तुरे योन्सनकडे गेलं.

किलस्ट्रॉमचं मोल कळायला १९७४ ते १९८० ही सात वर्षं बघावी लागतात. ऑल इंग्लंडची पुरुष डबल्स या काळात इंडोनेशियाच्या चुन चुन आणि योहान वाहजुदी यांनी सहा वेळा जिंकली. मधलं एकच वर्ष त्यांच्या हातून सुटलं, १९७६. ते बेंग्ट फ्रोमान आणि किलस्ट्रॉम यांनी घेतलं! मला तरी ही त्याची सगळ्यात मोलाची कमाई वाटते. पुढच्याच वर्षी पहिली जागतिक स्पर्धा स्वीडनमध्येच, माल्मोला भरली. तिथे घरच्या प्रेक्षकांसमोर या जोडीनं ब्राँझ मिळवलं.

मग आलं १९८३. वय चौतीस. मार्चमध्ये ऑल इंग्लंडची पुरुष डबल्स स्टेफान कार्लसनबरोबर आणि मिक्स्ड डबल्स इंग्लंडच्या नोरा पेरीबरोबर, अशी दोन्ही विजेतेपदं त्यानं एकाच स्पर्धेत जिंकली. मे महिन्यात कोपनहेगनला पेरीबरोबरच तो मिक्स्डचा जगज्जेता झाला. तेव्हा सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा. समोरच्याच्या सर्व्हिसवर कितीही लांबलेली रॅली जिंका, फळ्यावरचा आकडा जागचा हलत नसे. अशा नियमात दोन-दोन प्रकार खेळायचे म्हणजे पायांची परीक्षाच. त्यात मिक्स्डमध्ये बाई नेटजवळ, पुरुष मागे, ही तेव्हाची रूढ मांडणी. पेरी पुढे शटल अडवायची, तिच्या डोक्यावरून गेलेलं प्रत्येक शटल मात्र किलस्ट्रॉमलाच धावून घ्यावं लागे, डाव्या कोपऱ्यातलं असो की उजव्या.

ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनला पदकाचा दर्जा मिळाला तो १९९२ ला, बार्सिलोनात. तोवर त्याची उमेदीची वर्षं सरली होती. त्यानंतरच्याच वर्षी, त्याच्या जगज्जेतेपदाला दहा वर्षं होत असताना, बर्मिंगहॅमला जागतिक मिक्स्डचं सुवर्ण पुन्हा एका स्वीडिश खेळाडूनं जिंकलं. तिचं नाव कॅट्रीन बेंग्टसन, आणि तिचाही जोडीदार परदेशीच होता, डेन्मार्कचा थॉमस लुंड.