कल्पक वास्तू, आधुनिक

विसाव्या शतकात लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, पोलाद आणि पुढे संगणक हाताशी आला, तशी भिंत सरळच हवी आणि छत सपाटच हवे ही सक्ती संपली. मग जगभर अशा इमारती उभ्या राहू लागल्या, की पाहणाऱ्याच्या तोंडून आधी ‘ही उभी तरी कशी राहिली?’ असेच निघावे. शिंपले, पाकळ्या, तिरके ठोकळे, मासा, टोपली, आकारांना सुमार राहिला नाही. पण नुसत्या विचित्र आकाराला कल्पकता म्हणता येत नाही. आकार, भार पेलण्याची रीत आणि आत येणाऱ्या माणसाची गरज ही तिन्ही एकाच विचारातून निघालेली असली, तरच ती वास्तू कल्पक ठरते. असे एक उत्तम उदाहरण नागपुरातच आहे आणि वास्तुकलेच्या चर्चेत त्याला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

ते म्हणजे दीक्षाभूमीचा स्तूप. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या मोकळ्या मैदानावर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या जागी स्मारक उभारताना सांचीचा स्तूप नजरेसमोर असणे साहजिकच होते. मात्र सांचीचा स्तूप आतून भरीव आहे. मधला विटांचा गाभा अशोकाच्या काळातला, त्यावरचे दगडी आवरण नंतरचे. उपासक त्याला प्रदक्षिणा घालतो. आत शिरायला तिथे जागाच नाही. नागपूरचे स्मारक ज्या लोकांसाठी होते, त्यांच्या कित्येक पिढ्यांना देवळांच्या उंबरठ्याबाहेर उभे ठेवले गेले होते. वास्तुविशारद शिवदानमल मोखा यांच्या आराखड्यात सांचीची अर्धगोल आकृती आणि माथ्यावरची छत्री कायम राहिली; गाभा तेवढा गेला. स्तूप पोकळ झाला आणि माणसे त्याच्या आत आली. दोन हजार वर्षांहून जुन्या आकारात एवढा एकच बदल, पण त्याने वास्तूचा सगळा अर्थ पालटला.

१९७८ मध्ये सुरू झालेले बांधकाम दोन दशकांहून अधिक काळ चालले. १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते स्तूपाचे उद्घाटन झाले. सुमारे १२० फूट उंचीचा हा स्तूप जगातील सर्वांत मोठा पोकळ स्तूप म्हणून ओळखला जातो. धोलपूरचा दगड, संगमरवर आणि ग्रॅनाइट त्यासाठी वापरले आहेत. चारही दिशांना दरवाजे आहेत, त्यांच्या कमानींवर अशोकचक्रे आणि हत्ती, घोडे, सिंह यांची शिल्पे. आतल्या सभागृहात बुद्धमूर्ती आहे. आवारातला बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढवलेला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथे लाखोंची गर्दी होते आणि परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. परतीच्या गाडीत बसणाऱ्यांच्या पिशव्यांमध्ये प्रसादाऐवजी पुस्तके दिसतात, हे ज्याने पाहिले त्याला या घुमटाखाली माणसांची जागा का हवी होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

गाभा काढून टाकणे बोलायला सोपे, बांधायला अवघड. भरीव स्तूपाचा भार सरळ खाली जमिनीत उतरतो. पोकळ घुमटात वरचा भाग दाबाखाली असतो, पण खालचा घेर बाहेरच्या बाजूला फाकू पाहतो. दगड आणि वीट दाब झकास सोसतात, ताण सोसत नाहीत. म्हणून जुन्या बांधकामात खालच्या भिंती अवाढव्य जाड ठेवाव्या लागत किंवा घुमटाला साखळदंडाचा वेढा द्यावा लागे. आज काँक्रीटमधल्या सळ्या तो ताण घेतात. याच प्रश्नाचे अगदी उलटे उत्तर मुंबईजवळ गोराईला पाहायला मिळते. २००९ मध्ये खुल्या झालेल्या ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा घुमट जोधपूरच्या दगडाचा आहे. दगड एकमेकांत अडकतील असे घडवून, आत एकही खांब न घेता, सुमारे ८५ मीटर व्यासाचे छत त्यांनी पेलले आहे. त्याखाली ८,००० साधक एकत्र बसू शकतात. महाराष्ट्राच्या दोन टोकांना दोन पोकळ बौद्ध घुमट उभे आहेत. स्थापत्याच्या विद्यार्थ्याने दोन्ही एकापाठोपाठ पाहावेत.

कागदावरची कल्पना प्रत्यक्षात उतरताना किती छळते, याचा सर्वांत मोठा धडा सिडनीच्या ऑपेरा हाउसने दिला. १९५७ मध्ये डॅनिश वास्तुविशारद यॉर्न उट्सन यांचे रेखाटन स्पर्धेत निवडले गेले, पण ती फुगलेल्या शिडांसारखी छते कोणत्या भूमितीत बसवायची हे ठरलेलेच नव्हते. बांधकाम १९५९ मध्ये सुरू झाले तरी छताचा प्रश्न तसाच होता. शेवटी उत्तर सापडले ते विलक्षण साधे: प्रत्येक छत म्हणजे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच काल्पनिक गोलाचा कापलेला तुकडा. सगळ्यांची वक्रता सारखी झाल्यामुळे काँक्रीटच्या फासळ्या मोजक्या साच्यांत ओतून वर चढवता आल्या. दुरून ही छते पांढरीशुभ्र दिसतात. जवळ गेले की कळते, चकचकीत पांढऱ्या आणि मंद साय-रंगी अशा दोन प्रकारच्या फरशा तिथे आळीपाळीने बसवल्या आहेत. स्वीडनमध्ये बनलेल्या या फरशांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. सगळीकडे एकच चकाकी असती, तर ऑस्ट्रेलियाच्या उन्हात डोळे दिपले असते. ७० लाख डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर गेला. सरकारशी खटके उडाल्यावर उट्सन १९६६ मध्ये काम सोडून गेले. १९७३ मध्ये उद्घाटन झाले तेव्हा ते तिथे नव्हते आणि पूर्ण झालेली आपली इमारत त्यांनी अखेरपर्यंत पाहिली नाही. २००७ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. वास्तुकलेच्या इतिहासातला हा अन्याय वाचताना आजही चुटपुट लागते.

नागपूरच्या माणसाला मात्र सगळ्यात जवळचा वाटावा असा विषय उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात वास्तूची पहिली परीक्षा ऊनच घेते. दिल्लीच्या लोटस टेंपलमध्ये (१९८६, वास्तुविशारद फरिबुर्झ सहबा) संगमरवराने मढवलेल्या २७ पाकळ्यांचे कौतुक सगळेच करतात. खरी गंमत त्यांच्या पायथ्याशी आहे. भोवतालच्या नऊ तळ्यांवरून येणारी हवा गार होऊन खालून आत शिरते, तापलेली हवा वर चढते आणि माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाते. वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर लहानाचे मोठे झालेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. अहमदाबादची गुफा, म्हणजे चित्रांचे कलादालन, त्याहून जमिनीला चिकटलेली. बाळकृष्ण दोशी यांनी चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्यासाठी १९९० च्या दशकात ती रचली. कासवाच्या पाठीसारखे फुगवटे, जाळी आणि सिमेंट यांचे पातळ कवच, आत झाडाच्या बुंध्यांसारखे वेडेवाकडे खांब, आणि हे सगळे बरेचसे जमिनीखाली. वरून फुटक्या फरश्यांचे तुकडे बसवले आहेत. ते ऊन परतवतात, शिवाय वाकड्या पृष्ठभागावर सहज बसतात. आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक करतात ते याच कारणासाठी.

उन्हाचा विचार न केल्यास काय होते, हेही जगाने पाहिले आहे. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट या मनोऱ्याची काचेची दर्शनी बाजू आत वळलेली आहे. २०१३ मध्ये तिने सूर्यकिरण एका ठिकाणी गोळा केले आणि खाली उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळले. पुढच्या वर्षी बाहेरून झडपा बसवाव्या लागल्या. लॉस एंजेलिसच्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलचे चकचकीत पत्रेही शेजाऱ्यांच्या तक्रारीनंतर घासून मंद करावे लागले. हे लंडनच्या उन्हात घडते, तर नागपुरात रस्त्यालगत चारही बाजूंनी काच लावून आत दिवसभर एसी चालवणाऱ्या इमारतींना आधुनिक कशाच्या आधारावर म्हणायचे?

वस्तूचा आकार जसाच्या तसा घेतलेल्या इमारतींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हैदराबादला राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचे कार्यालय माशाच्या आकाराचे आहे. अमेरिकेत ओहायोमधील नेवार्क इथे टोपल्या बनवणाऱ्या कंपनीने १९९७ मध्ये सात मजली टोपलीच उभारली. २०१६ मध्ये ती रिकामी झाली. पाहायला मजा येते, शिकायला थोडेच मिळते. रॉटरडॅममधली पीट ब्लॉम यांची तिरकी घनाकृती घरे (१९८४) वेगळी. भिंतीच कललेल्या असल्याने कपाटे मुद्दाम बनवून घ्यावी लागतात, तरी लोक तिथे राहतात. स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी (१९९७) फ्रँक गेरी यांच्या कार्यालयाने विमानांच्या आराखड्यांसाठी बनलेली संगणक प्रणाली वापरली आणि टायटॅनियमच्या पातळ पत्र्यांनी वळणे मढवली. वास्तुविशारदांच्या टेबलावर संगणक कायमचा येण्यात या इमारतीचा वाटा मोठा.

नागपूर परिसरात कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिरही (१९९९) पाहण्याजोगे आहे. जपानी सहकार्याने उभारलेले हे बुद्धविहार हिरवळीच्या मोठ्या आवारात आहे. पुन्हा दीक्षाभूमीकडे वळायचे, तर तिच्या आवारात विकासकामांअंतर्गत भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा त्यामुळे स्तूपाला धोका पोहोचेल अशी भीती अनुयायांमध्ये पसरली. १ जुलै २०२४ रोजी मोठे आंदोलन झाले आणि त्याच दिवशी राज्य सरकारने त्या कामाला स्थगिती जाहीर केली.