मूल अठराचं झालं; आता कॉलेजची फी कोण भरणार?

घटस्फोटानंतर मुलांच्या पोटगीसाठी ठाण्यात दोन वेगळ्या कायद्यांखाली अर्ज करता येतो. दोन्ही कौटुंबिक न्यायालयातच चालतात, त्यामुळे बरेच पालक त्यांना एकच समजतात. मुलगी बारावी होते, कॅप राउंडमधून नेरुळच्या कॉलेजात तिचा नंबर लागतो, फी भरायची तारीख जवळ येते आणि वडील म्हणतात, "ती सज्ञान झाली, माझी जबाबदारी संपली." हे अर्धंच खरं आहे.

पहिला अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५चा. १ जुलै २०२४पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४खाली होतो. कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला तो चालतो. पैसे थकवले तर वॉरंट निघतं, तुरुंगातही जावं लागू शकतं. मात्र मूल अठराचं झालं की हा आधार संपतो. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं पोट भरू न शकणारं मूल एवढाच अपवाद.

दुसरा अर्ज हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६च्या कलम २०चा. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. इथे अविवाहित मुलीला वयाची अट नाही. तिला स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागवता येत नाही, एवढं पुरतं. या कायद्यातल्या निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार यांच्याबरोबर शिक्षणही आहे. सप्टेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक स्पष्ट केला: निरोगी, सज्ञान मुलीला कलम १२५खाली पोटगी मिळणार नाही, कलम २०खाली ती मागू शकते. म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला तरी हातपाय गाळू नका. वकिलांना कलम २०बद्दल स्पष्ट विचारा.

या कलमाने जबाबदारी आईवरही टाकली आहे. शिक्षणाचा खर्च सहसा वडिलांनी करावा, पण आई पुरेसं कमावत असेल तर तो दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२०मध्ये म्हटलं. मला हे न्याय्य वाटतं.

मुलांच्या, म्हणजे मुलग्यांच्या बाबतीत मात्र कायदा तोकडा पडतो. कलम २०खाली मुलाचा हक्क अठराव्या वर्षीच संपतो, आणि अठराव्या वर्षी कुणाचीच पदवी झालेली नसते. २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यातून वाट काढली: सज्ञान मुलाचा भार आई एकटी उचलते आहे हे पाहून, मुलाची पदवी होईपर्यंत किंवा तो कमावू लागेपर्यंत तिलाच दरमहा १५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. तरी अशा निकालावर विसंबून राहू नये. परस्पर संमतीने घटस्फोट घेत असाल तर संमतीपत्रात "सज्ञान होईपर्यंत" एवढंच लिहून सह्या करू नका. "पदवी पूर्ण होईपर्यंत" असं लिहून घ्या, आणि फी, हॉस्टेल, पुस्तकं यांतला कुणाचा वाटा किती आणि तो कोणत्या तारखेपर्यंत भरायचा, तेही त्यातच नोंदवा.