पोलीस कमिसारची कबुली

(इटालियन चित्रपट, १९७१). माफिया, पोलीस आणि न्याययंत्रणा यांच्या परस्परसंबंधांवरील दामियानो दामियानी (१९२२–२०१३) दिग्दर्शित चित्रपट. मूळ शीर्षक ‘कॉन्फेस्सिओने दी उन कॉम्मिस्सारिओ दी पोलित्सिया आल प्रोकुरातोरे देल्ला रेपुब्लिका’ असे लांबलचक आहे. प्रमुख भूमिका मार्टिन बाल्सम व फ्रांको नेरो यांच्या. संगीत रिझ ओर्तोलानी यांचे.

कथानक सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात घडते. कमिसार (तपास पथकाचा प्रमुख पोलीस अधिकारी) बोनाविया (बाल्सम) हा ली पूमा नावाच्या माणसाची मनोरुग्ण गुन्हेगारांच्या इस्पितळातून सुटका घडवून आणतो. बांधकाम व्यावसायिक लोमुन्नोशी ली पूमाचे जुने वैर आहे. कायद्याला जमले नाही ते हा करील, असा कमिसारचा हिशेब. लोमुन्नोला आधीच सुगावा लागतो आणि त्याच्या कार्यालयातील गोळीबारात ली पूमाच मरतो. तपास तरुण साहाय्यक प्रोकुरातोरे (गुन्ह्याचा तपास चालवून खटला भरणारा न्यायिक अधिकारी) त्राइनी (नेरो) याच्याकडे येतो. समोरचा माणूस विकला गेला आहे, असा दोघांनाही संशय. अखेरीस बोनाविया स्वतः लोमुन्नोला गोळ्या घालतो आणि पुढे तुरुंगात मारला जातो.

प्रोकुरातोरे म्हणजे भारतातील सरकारी वकील नव्हे. १९४८च्या राज्यघटनेनुसार तो स्वतंत्र न्यायव्यवस्थेचा घटक आहे आणि अनुच्छेद १०९ प्रमाणे गुन्हेतपास करणारे पोलीस थेट न्यायिक अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येतात. कमिसार मात्र गृहमंत्रालयाचा नोकर. एकाच गुन्ह्याच्या तपासात तो दोन धन्यांना बांधलेला असतो आणि चित्रपटातील संघर्ष याच रचनेतून उभा राहतो. शिवाय ‘माफिया स्वरूपाची संघटना’ हा गुन्हाच तेव्हा दंडसंहितेत नव्हता. कलम ४१६ मध्ये सर्वसाधारण गुन्हेगारी टोळीची तरतूद होती. १९६५च्या ५७५ क्रमांकाच्या कायद्याने माफियाशी संबंध असल्याचा संशय असलेल्यांवर प्रतिबंधक उपाय तेवढे शक्य झाले. माफिया संघटनेलाच गुन्हा ठरवणारे ४१६-बिस हे कलम आले ते १३ सप्टेंबर १९८२च्या रोन्योनी–ला तोर्रे कायद्याने. त्यापूर्वी ‘पुराव्याअभावी’ निर्दोष सुटणे ही नित्याची बाब होती. १९६९ साली बारी येथील खटल्यात कोर्लेओने या सिसिलीतील गावच्या माफिया टोळीतील आरोपी असेच सुटले. हे ध्यानात न घेता बोनावियाला केवळ संतापी पोलीस ठरवणारी समीक्षा अपुरी वाटते.

पटकथेतील कामगार पुढारी रित्सो हे पात्र कोर्लेओनेच्या प्लाचिदो रित्सोत्तोवरून घेतले असावे, असे सामान्यतः मानले जाते. शेतमजुरांना पडीक जमिनीसाठी संघटित करणारा हा फॅसिस्टविरोधी लढ्यातील माजी प्रतिकारयोद्धा १० मार्च १९४८ रोजी बेपत्ता झाला. खून पाहिल्याचे सांगितले जाणारे मेंढपाळ पोर, जुझेप्पे लेतित्सिया, लगोलग इस्पितळात दगावले. त्या इस्पितळाचा प्रमुख मिकेले नावार्रा हा गावचा डॉक्टर होता, तसाच माफियाचा म्होरक्याही. संशयित लुचानो लिज्जो न्यायालयात निर्दोष ठरला. रित्सोत्तोच्या अस्थींची ओळख डीएनए चाचणीने पटली ती २०१२ मध्ये. कार्यालयातील गोळीबारामागे १० डिसेंबर १९६९च्या, पालेर्मोतील व्हियाले लात्सिओ या रस्त्यावरील हत्याकांडाची छाया दिसते. तिथेही जागा एका बांधकाम व्यावसायिकाचे कार्यालय हीच होती आणि मारेकरी पोलिसांच्या गणवेशात आले होते. मात्र चित्रपट म्हणजे त्या घटनेची नोंद, असे समजण्याचे कारण नाही.

लोमुन्नोचा धंदा बांधकामाचा असणे हाही योगायोग नाही. साल्वो लिमा महापौर असताना (१९५८–६३) पालेर्मोतील बांधकाम परवाने मोठ्या प्रमाणावर मूठभर नामधारी व्यक्तींच्या नावे दिले गेले. जुन्या हवेल्या आणि संत्र्या-लिंबांच्या बागा जाऊन इमारती उठल्या. चित्रपटात ली पूमाच्या बहिणीचे प्रेत अशाच एका इमारतीच्या ओल्या काँक्रिटमध्ये जिरवले जाते.

चित्रपटाच्या वर्गीकरणाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक त्याला १९७०च्या दशकातील ‘पोलित्सिओत्तेस्को’ या पोलिसी मारधाडपटांच्या लाटेत घालतात. या लाटेचा आरंभ कुणी कार्लो लित्सानींच्या ‘बांदिती आ मिलानो’पासून (१९६८) मानतात, तर कुणी स्तेनोच्या ‘ला पोलित्सिया रिंग्रात्सिया’पासून (१९७२). दुसरा पक्ष दामियानींना दिग्दर्शक फ्रांचेस्को रोसी आणि कादंबरीकार लेओनार्दो शाशा यांच्या परंपरेत ठेवतो. शाशांच्याच कादंबरीवर दामियानींनी १९६८ मध्ये ‘इल जोर्नो देल्ला चिवेत्ता’ काढला होता. हा दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. मारधाडपटात कमिसारच्या पिस्तुलाने निदान हिशेब तरी चुकता होतो. इथे लोमुन्नो मरतो, पण त्याला पाठीशी घालणारे जागच्या जागी राहतात. खुद्द वरिष्ठ प्रोकुरातोरे माल्ता हा त्यांच्यातला असल्याची जाणीव त्राइनीला होते आणि चित्रपट तिथेच थांबतो.

१९७१च्या मॉस्को चित्रपट महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण पारितोषिक विभागून मिळाले. त्याच वर्षी ५ मे रोजी पालेर्मोचे प्रोकुरातोरे प्येत्रो स्काल्योने यांचा माफियाने खून केला. दामियानींनी पुढे ‘ला पियोव्रा’ या दूरचित्रवाणी मालिकेचे पहिले पर्व (१९८४) दिग्दर्शित केले. त्याचाही नायक पोलीस कमिसारच आहे.